दोघांचा भात

आमचे मालक मिलिटरीत जवानांचा सैपाक करायचे. पेन्शनीत रहिमतपूरला घरी आले, तवापासनं आमी रोज रात्री ढाब्यावर. का, तर माझा सैपाक कमी पडायचा. चार घास झाले की पातेलं रिकामं. मग हे म्हणायचे, "चल क्रांती, अख्खा मसूर खाऊन येऊ."

एक दिवस मी भडकलेच. "आवं, सगळी पेन्शन त्या ढाबेवाल्याच्या नरड्यात घालायची व्हय? उद्यापासनं घरीच जेवायचं."

"मग सैपाक मी करणार," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रानातनं आले, तर चुलीवर हे भलंमोठं पातेलं आन दारात सगळी गल्ली ताटं घेऊन बसलेली. महिन्याचा तांदूळ एका जेवणात संपला.

"ही बचत व्हय तुमची?" मी ओरडले.

ह्यांनी रिकाम्या पातेल्यात डाव ठेवला. मग हळूच म्हणाले, "अगं, हाताला शंभराचं माप बसलंय. दोघांचा भात मी जन्मात कवा शिजवलाच न्हाई."

माझा राग तिथंच इरला. सासूबाई गेल्यापासनं मी एकटीचंच रांधत आलेली. माझ्या हाताला एकाचं माप बसलं हुतं.

दुसऱ्या दिवशी नवा तांदूळ आणला. एक मूठ त्यांनी घातली, एक मी. भात जरा कमीच पडला, पर ढाब्याचं नाव दोघांनीबी काढलं न्हाई.