आपल्या गोळीपाशी

मुलांना रक्त आवडतं. मी पर्यटकांना गावाचा तट दाखवते. माझ्या गुरुवारच्या फेरीला पोरं घेऊन येणाऱ्या आया नाकं मुरडतात, पण तटावर चढलं की पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो, इथे किती माणसं मेली? खरं उत्तर आहे, एकही नाही. तीनशेहून जास्त वर्षं आमच्या गावाचा तट उभा आहे आणि त्याला वेढा घालायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मग मी इकडून तिकडून उसनं रक्त आणते, वरून उकळतं तेल ओतते, दोन-चार शिपाई खंदकात पाडते, आणि पोरं खूश होतात. तटाची फेरी, मग पायवाटेनं खाली तळं, तळ्याला वळसा, काठावर पाव-सॉसेज, दोनला परत. बाबागाडी सहज जाईल असा रस्ता, असं पत्रकात छापलंय.

माझ्या नवऱ्याचं रक्त मात्र उसनं नव्हतं. जोफ्रे अकरा वर्षांपूर्वी याच तळ्याच्या वरच्या पाइनच्या रानात मेला. रानडुकरांचा हाका होता. हाकारे कुत्री घेऊन खालून येत होते, बंदूकवाले आपापल्या जागी उभे होते. शेजारच्या जागेवरच्या सिप्रियननं झुडूप हललेलं पाहिलं आणि गोळी घातली. सिप्रियन म्हणजे जोफ्रेचा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्या लग्नात सगळ्यात जास्त प्यायलेला माणूस.

गोळी चुकून लागते, हे मी समजू शकते. शिकाऱ्याची मुलगी आणि शिकाऱ्याची बायको आहे मी. पण आमच्याकडे एक रीत आहे आणि ती शाळेच्या आधी शिकवतात. हाका संपल्याचं शिंग वाजलं की बंदूक रिकामी करायची आणि आपल्या गोळीपाशी जायचं. नेम चुकला असं शंभर टक्के वाटलं तरी जायचं, वाकून बघायचं, रक्ताचा थेंब आहे का, केस पडलेत का. जखमी जनावर तसंच सोडून जेवायला बसणाऱ्याला इथे कुणी पंगतीला घेत नाही. सिप्रियन त्या दिवशी गेला नाही. नेम चुकला असं वाटलं, म्हणाला न्यायाधीशाला, आणि तो खाली हॉटेलात बडीशेपेची दारू पीत बसला. जोफ्रेला मरायला चाळीस मिनिटं लागली, असं डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं. मांडीची शीर तुटली होती. कुणी नुसती मूठ दाबून धरली असती तरी वाचला असता.

शिक्षा झाली ती कागदावरची. तुरुंगात जायचं नाही, बंदुकीचा परवाना तेवढा गेला. निकालाच्या संध्याकाळी मी कुदळ घेऊन त्याच्या दारात गेले, त्याच्या गाडीची काच फोडली, दिवे फोडले, आणि तो बाहेर आला तेव्हा दांडा उलटा करून त्याच्या खांद्यावर दोनदा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो हात खाली सोडून उभा राहिला. तक्रारही केली नाही मेल्यानं. तेवढ्यानं माझा राग शमला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, तू का गेला नाहीस ते सांग. अकरा वर्षं तो मला बघून रस्ता बदलत राहिला.

आणि या ऑक्टोबरच्या सुट्टीत, गुरुवारी सकाळी, वेशीच्या दरवाज्यापाशी सतरा माणसांत तो उभा. यादीत नाव त्याच्या तुलूझच्या जावयाचं होतं, म्हणून मला आधी कळलं नाही. हाताशी नात, लिलू, सात वर्षांची, पुढचा दात पडलेला. सत्तर वर्षांचा सिप्रियन वाळून काडी झाला होता. नातीला ही फेरी करायचीच होती, असं तो माझ्या बुटांकडे बघत पुटपुटला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण लहान पोरीला काय परत पाठवायचं? चला, म्हटलं.

तटाच्या उत्तरेच्या टोकाला कठडा नाही. खाली बारा मीटर खंदक. मी तिथे सगळ्यांना आत उभं करते आणि दगड कसे बसवले ते सांगते. सिप्रियन कडेजवळ उभा होता. एक खांदा लावला असता तर काम झालं असतं, आणि लोक म्हणाले असते, बिचाऱ्या म्हाताऱ्याचा पाय घसरला. मी हा विचार त्या वेळी केला, नीट, शांतपणे, दगडांबद्दल बोलता बोलता. तेवढ्यात लिलूनं विचारलं की इथून पडलं तर माणूस मरतो का.

"सगळे लगेच नाही मरत," मी म्हणाले. "काही पडून राहतात बराच वेळ. कुणी येतंय का बघत."

एका आईनं माझ्याकडे डोळे वटारले. सिप्रियनची मान खाली गेली ती तळ्यापर्यंत वर आली नाही.

गुरुवारी शिकार नसते. बुधवार, शनिवार, रविवार, म्हणून तर माझी फेरी गुरुवारी. पण बुधवारच्या हाक्यात कुणीतरी एका डुकराच्या मागच्या पायावर गोळी मारली होती आणि कुणीतरी आपल्या गोळीपाशी गेलं नव्हतं. ते जनावर रात्रभर तळ्याकाठच्या लव्हाळ्यात पडून होतं, पाय सुजत. आम्ही काठावर पाव कापत होतो. एका जोडप्याचा तपकिरी कुत्रा साखळी सोडल्यावर लव्हाळ्यात शिरला. तो एकदाच ओरडला. मग आतडी लोंबकळत बाहेर आला, चार पावलं चालला आणि आडवा झाला. त्याच्या मागून डुक्कर आलं, शंभर किलोचा नर, तीन पायांवर, तोंडाला फेस.

समोर लिलू होती, हातात पावाचा तुकडा.

सिप्रियन कधी उठला ते मी पाहिलं नाही. तो पोरीच्या आणि डुकराच्या मध्ये होता, आणि त्यानं चालायची काठी त्या जनावराच्या नाकावर घातली. काठी मोडली. डुकरानं मान खाली घालून वर उचलली आणि सिप्रियन हवेत गेला, पाठीवर पडला, आणि ते त्याच्या अंगावर चढून सुळे मारत राहिलं, एकदा, दोनदा, जांघेत, पोटाखाली. सिप्रियननं दोन्ही हातांनी डुकराचे कान धरले होते. सोडत नव्हता. माझ्या हातात सॉसेज कापायचा सुरा होता, जोफ्रेचाच. मी बाजूनं गेले आणि पुढच्या पायामागे, जिथे तो मला दाखवायचा, तिथे मुठीपर्यंत घातला आणि फिरवला. डुकरानं मला ढकलून दिलं. मी परत गेले आणि परत घातला. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि ते सिप्रियनच्या पायांवर कोसळलं. मी लाथा मारून ते बाजूला लोटलं. मेल्यावरही दोन लाथा जास्त घातल्या, का ते विचारू नका.

सिप्रियनच्या जांघेतून रक्त उडत होतं. पट्टा बांधायला जागाच नव्हती, जखम इतकी वर. मी गुडघ्यावर बसून मूठ आत घातली आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, तेव्हा ते थांबलं. एका आईनं फोन लावला. आमच्याकडे जखमीला न्यायलाही बंबवालेच येतात. पर्पिन्याँहून हेलिकॉप्टर निघतंय, म्हणाले, चाळीस मिनिटं. दुसरा आकडा त्यांना सापडला नाही.

मुलं किंचाळत होती. मी ओरडले की सगळ्यांनी तळ्याकडे तोंड करा आणि बदकं मोजा, मोठ्यानं, चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. मोठ्यांनी त्यांना काठाशी ओळीत उभं केलं. लिलूही त्यांच्यात. एक, दोन, तीन, असा तिचा बोबडा आवाज सगळ्यांच्या वर येत होता.

मग आम्ही दोघंच उरलो, तो पाठीवर आणि मी त्याच्या जांघेवर. माझ्या मुठीखाली त्याची शीर उडत होती. तेव्हा मी विचारलं. यापेक्षा बरी वेळ परत आली नसती.

"का गेला नाहीस तू?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, गेला.

"गेलो होतो," तो म्हणाला.

"कुठे गेला होतास?"

"शिंग वाजायच्याही आधी गेलो, ओदेत. जिवंत होता तो. मला बघून हसला गं. म्हणाला, आलास का, दाब इथे. एवढं रक्त मी जनावराचंही पाहिलं नव्हतं. मी पळालो. वाटलं, कुणीतरी येईलच मागून. हॉटेलात बसलो आणि दर मिनिटाला वाटायचं, आता उठतो, सांगतो."

"चाळीस मिनिटं?"

"घड्याळाकडेच बघत होतो."

मी मूठ काढली.

घसरली नाही, थकले नव्हते. काढली आणि माझ्याच मांडीवर ठेवली. रक्त वर आलं, एकदा, दोनदा, माझ्या हनुवटीपर्यंत. सिप्रियननं माझ्याकडे पाहिलं आणि काही मागितलं नाही. मान हलवली, बरोबर आहे म्हटल्यासारखी. मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांत तेवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा रक्त आलं. मागून लिलूचा आवाज येत होता, बावीस, तेवीस, आणि मग ती अडखळली. चोवीस कुठलं ते तिला सापडेना. बदक उडालं असावं. बाकीची पोरंही थांबली. आता ती मागे वळून बघणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी मूठ परत आत घातली आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत काढली नाही. "पुन्हा पहिल्यापासून," मी ओरडले. तिनं एकपासून सुरू केलं.

सिप्रियन वाचला. पाय गेला. गावात मी पाव आणायला गेले की लोक रांगेत पुढे जाऊ देतात. त्यानं मारलं आणि हिनं तारलं, असं म्हणतात, आणि बायका डोळे पुसतात. बुधवारची गोळी कुणाची होती, ते अजून एकाही मर्दानं कबूल केलेलं नाही.

तीन आठवड्यांनी एक तरुण पोलीस घरी आला, टोपी हातात धरून. सिप्रियननं रुग्णालयातून निरोप पाठवून पोलिसांना बोलावून घेतलं होतं आणि अकरा वर्षांपूर्वीचं सगळं लिहून दिलं होतं. गेलो, पाहिलं, पळालो. जोफ्रेचं हसणंसुद्धा. आता खटला पुन्हा उभा राहील की नाही ते वरचे ठरवतील, तो म्हणाला. मग त्यानं दुसरा कागद काढला, तळ्याकाठच्या घटनेचा, साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. त्यानं तो वाचून दाखवला. सिप्रियननं सांगितलं होतं, ओदेतबाईंनी मदत येईपर्यंत एक क्षणही हात काढला नाही.

"बरोबर आहे ना, मॅडम?" त्यानं विचारलं आणि पेन पुढे केलं.

माझ्यापुढे दोन रस्ते होते, हात काढला होता ते सांगायचं की मुकाट सही करायची, आणि सिप्रियनला कोणता सोपा वाटला होता ते मला ठाऊक होतं. त्याला मी त्यासाठी अकरा वर्षं शिव्या घातल्या आहेत.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि सही केली.