चार आकडे आणि एक जागा

हे सगळं २०१३ साली घडलं, संक्रांतीच्या आठवड्यात. आमची धाकटी सोनाली पुण्याला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी आणायचं होतं. ती येणार हे नक्की होतं. आणायला कोणी जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि आमच्या मालकांच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता.

मालक, म्हणजे बलभीम, उमरगा डेपोत तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. दर पंचमीला, दर दिवाळीला दुसऱ्यांच्या लेकी पिशव्यांसकट माहेरी पोचवायच्या, आणि स्वतःच्या बहिणींना आणायला मात्र कधी सुट्टी मिळायची नाही. चुलत्यांना पाठवावं लागायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी मारुती घेतली. सोनालीला माहेरी आणायला गाडी पाहिजे, असं म्हणून घेतली. तेव्हा सोनालीचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं.

अडचण पुण्याची होती. हडपसरपर्यंत मालकांना रस्ता तोंडपाठ. पुढं शहरात कुठला रस्ता एकतर्फी आहे आणि कुठला पूल कालच झालाय, ते त्यांना कुठून कळणार. म्हणून आमच्या थोरल्यानं, बजरंगनं, आधीच्या दिवाळीला रस्ता दाखवणारी डबी आणून दिली. तो पुण्यातच एका कारखान्यात सुपरवायझर आहे. डबी तळहाताएवढी, काळी, काचेला आतून चिकटवायची. आकाशातून तिला आपण कुठं आहोत ते कळतं, असं त्यानं सांगितलं. आतून एक बाई हिंदीत बोलायची, आगे दाएँ मुड़िए.

मालकांनी आधी तोंड वाकडं केलं. मग भाऊबीजेला आम्ही ढोकीला माझ्या भावाकडं गेलो, तेव्हा हौस म्हणून ती लावली. बाईनं आम्हाला तिथल्या साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या फडात घातलं. मालक तिला समजावून सांगत होते, "बाई, हितं ऊस हाय, रस्ता न्हाई." परत येताना मात्र तिनं एक जवळचा रस्ता दाखवला, तो यांना तीस वर्षांत ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून ती कंडक्टरीणबाई झाली. रिटायर झाल्यापासून मागं कुणी घंटी मारणारं नव्हतं, त्याची त्यांना चुटपुट होतीच.

वाद झाला तो डबीला कुलूप घालण्यावरून. चार आकडे टाकल्याशिवाय ती चालूच होऊ नये अशी त्यात सोय होती. बजरंगचं म्हणणं, कुलूप पाहिजेच. त्याचा मित्र कुलदीप, त्याच्या गाडीची काच फोडून डबी नेली होती, आणि डबीत त्याच्या घराचा पत्ता होता. चोर दुसऱ्या दिवशी घरीही येऊन गेले.

मी विरुद्ध होते. गाडीला कुलूप असताना आत आणखी एक कुलूप कशाला, असं मी म्हणाले, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा चौकट तिरपी झाली आणि आतली कडी अडकून बसली. मालक त्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन भूमला होते. मी, चौदा वर्षांचा बजरंग, पाच वर्षांची सोनाली आणि सासूबाई आत. आबारावांनी पहारीनं दार फोडलं आणि आम्हा तिघांना ओढून काढलं. सासूबाई मागच्या खोलीत राहिल्या. तेव्हापासून मला बंद होणाऱ्या वस्तूंचा राग आहे.

आबाराव गावचे पोस्टमन. त्या दिवशी ते अंगणातच चहा पीत बसले होते. मला वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "वहिनी, ह्याच्यात सोनीचा पत्ता हाय, बजरंगचा हाय, उद्या आनखी दहा जणांचा येईल. ही डबी न्हाई, ही टपालाची पिशवी हाय. म्या पस्तीस वर्षात पिशवी कधी उघडी टाकली न्हाई."

आबारावांचा शब्द आमच्या घरात मोडत नाहीत. कुलूप ठरलं.

बजरंगनं नियम सांगितले. जन्मतारीख घ्यायची नाही, एसटीतला बिल्ला नंबर घ्यायचा नाही, कुठं लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही, असं तो म्हणाला, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. आकडा विसरलाच तर काय, तेही डबी करणारांनी बघून ठेवलं होतं. एक जागा ठरवायची, तिथं गाडी उभी करायची आणि बटण दाबायचं. पुढं कधी आकडा आठवला नाही तर डबी त्या जागी न्यायची, ती आपोआप उघडते. "आप्पा, जी जागा कधीच विसरणार न्हाई अशी धरा," एवढं सांगून बजरंग पुण्याच्या गाडीला पळाला. त्याच्या मनात आमचं घर होतं. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गाडी घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले. मी विचारलं नाही. मला काय, मला तर आकडासुद्धा सांगायचा नव्हता.

संक्रांतीला बजरंग दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. करीच्या दिवशी जेवणं झाल्यावर बापलेक गाडीत बसले. सोनालीनं घर बदललं होतं, तो नवा पत्ता डबीत घालायचा होता. गावातल्या गावात डबी लागत नसल्यानं मालकांनी ती महिनाभर उघडलीच नव्हती. डबीनं आकडा मागितला. मालकांनी चार आकडे दाबले, चुकले. पुन्हा दाबले, चुकले. तिसऱ्यांदा बराच वेळ बोट वर धरून बसले. मी दारात तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन उभी होते, ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

बजरंग शांतपणे म्हणाला, हरकत नाही, जागेवर नेऊ, जागा कुठली? दारासमोर उघडत नव्हती, म्हणजे घर तर नव्हतं. मालक स्टिअरिंगकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ध्यानात न्हाई."

बजरंगनं किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवली. चिडला नाही, तेच जास्त लागलं. "आप्पा, आकडा ध्यानात न्हाई, जागा ध्यानात न्हाई. पुण्यातनं तुमच्या भरवशावर सोनीला कशी बसवू? पोटात लेकरू हाय तिच्या." मग त्यानं उमरग्याच्या माणिकप्पाला फोन लावला आणि परवासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवून टाकली. यात चूक काय काढणार? सोनालीची आई म्हणून मला ते पटत होतं, आणि यांची बायको म्हणून मला ताटली फेकावीशी वाटत होती.

मालक परसात जाऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले. शेंगा सोलायची काही गरज नव्हती, सकाळीच सोलून झाल्या होत्या. हे गुरांना टाकायच्या ढिगातल्या घेऊन बसले होते. मी जवळ जाऊन बसले.

"खरंच ध्यानात न्हाई?"

"आकडा गेला. खरंच गेला."

"आन् जागा?"

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "जागा कशी जाईल."

"मग पोराला सांगायचं की. किल्ली गेली ना हातची."

"सांगितलं तर तो म्हणंल, चला. त्याला न्यावं लागंल तिथं. तू हितं एकटी बसशील, आन् तीन दिवस जेवनार न्हाईस. लेकीला आनायच्या वक्ताला हे कशाला?" मग खाली बघूनच म्हणाले, "जुन्या गावात हाय. आपल्या घरापाशी."

जुनं गाव म्हणजे भूकंपाच्या आधीचं. नवं गाव वसवलं ते तीन किलोमीटरवर. त्या पहाटेनंतर मी जुन्या गावात पाऊल टाकलं नव्हतं, एकोणीस वर्षं. रस्त्यानं जाताना तिकडं मान वळवली नव्हती. हे तिथं कधी जातात हेही मला माहीत नव्हतं. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या दिवशी भूकंपाचं कळल्यावर ते भूमवरून निघाले, दुपारी गावात पोचले आणि त्यांना आपलं घर सापडलं नाही. गल्ल्याच राहिल्या नव्हत्या, सगळीकडं सारखे दगड. तास दीड तास ते दुसऱ्यांच्या घरांवर उभे राहून आम्हाला हाका मारत होते. घर शोधलं तेही आबारावांनी हाताला धरून नेलं तेव्हा. ते यांच्या मनातून गेलं नाही. पुढं महिन्यातून एकदा, ड्युटीवरून येताना, तिथं जायचे आणि चालत चालत एकेक गल्ली पुन्हा ध्यानात बसवायचे. नवा रूट मिळाल्यावर ड्रायव्हर बसवतो तशी. म्हणून बजरंगनं कधीच विसरणार नाही अशी जागा म्हटल्यावर त्यांनी दुसरा विचारच केला नाही.

मी उठले, लुगडं बदललं, तोंडावर पाणी मारलं आणि बजरंगपुढं हात केला. "किल्ली दे. जुन्या गावाला जायचंय."

किल्ली देता देता तो म्हणाला, "आई, तू?"

मी पुढं बसले, तो मागं. यांच्या हातात किल्ली दिली तेव्हा त्यांची बोटं तुरीच्या शेंगांनी चिकट झाली होती.

जुन्या गावात आता काहीच नव्हतं. वेड्या बाभळी, कमरेएवढं वाळलं गवत आणि मधून गेलेल्या गुरांच्या वाटा. डबी नुसती आकडा मागत काचेला चिकटून होती. मालकांनी गाडी दुसऱ्या गिअरवर धरली आणि अजिबात न थांबता आत घातली. हे बसप्पाचं दुकान. हा चावडीचा कट्टा, आता डावीकडं. पुढं पिठाची गिरणी.

"गिरणी मागं गेली," मी म्हणाले.

"पुढं हाय."

"अहो, मी दळण घेऊन किती येळा गेलीय. गिरणीच्या म्होरं कडुनिंब होता, निंब मागं ऱ्हायला."

त्यांनी गाडी थांबवली, आरशात बघितलं आणि मुकाट्यानं चार हात मागं घेतली. मागं बजरंगच्या तोंडातून आवाज आला, हसू होतं की काय कळलं नाही. मग उजवीकडं वळून, दोन बाभळींच्या मधून, मोकळ्या जागेवर गाडी उभी राहिली. तिथं एक उंबऱ्याचा दगड पडला होता. तो मी ओळखला.

आम्ही बसून राहिलो. डबीवरचं चाक फिरत होतं. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मग ती टिंग करून उघडली आणि बाई म्हणाली, आगे बढ़िए.

पुढं बाभळीच होत्या.

बजरंग खाली उतरला. उंबऱ्याच्या दगडाशी जाऊन उभा राहिला, इकडंतिकडं बघत. त्याला काही ओळखू येत नव्हतं. यांच्या खिडकीपाशी येऊन तो म्हणाला, "आप्पा, हितं तर एक खूण न्हाई. कसं आनलं तुम्ही?"

"एक डाव चुकलोय हितं," मालक म्हणाले. "परत चुकायचं न्हाई."

बजरंगनं बाजूला जाऊन माणिकप्पाला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. मी उतरले. सासूबाईंची खोली जिथं होती तिथं उभी राहिले, आणि बघते तर मला रडू आलं नाही. मी पदर कमरेला खोचून तिथलं गवत उपटायला लागले. बजरंग माझ्या शेजारी बसून उपटायला लागला.

निघताना त्यानं विचारलं, कुलूप काढून टाकू का, नाहीतर जागा बदलून नव्या घराची करतो, पुन्हा इथं यायला नको. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, कुलूप असू दे, आबाराव काय म्हणतील. जागाही असू दे. फक्त आकडा बदल, आणि तो ह्या वेळी मी सांगणार. मी बजरंगच्या कानात चार आकडे सांगितले. यांना सांगितले नाहीत. तुमची जागा तुमच्यापाशी, आकडा माझ्यापाशी, असं म्हणाले. त्यावर मालक म्हणाले की, मग डबीत एक कंडक्टर आन् बाजूला एक, अशी गाडी आख्ख्या डेपोत कुणाकडं नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही सोनालीला आणलं. यायला दहा तास लागले, कारण मालकांनी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही आणि प्रत्येक खड्ड्याला मागं वळून तिला विचारलं. लेक कंटाळून झोपून गेली.

मार्चमध्ये तिला मुलगी झाली, आरोही. ती आता सातवीत आहे. माझ्यापेक्षा उंच झाली. सोनालीनं पुण्यातच शिकवणी वर्ग काढलाय. बजरंगनं घर घेतलं, त्याच्या दाराला किल्ली नाही, आकडेच आहेत, आणि मी गेले की तो मला ते कागदावर लिहून देतो. आबाराव पस्तीस वर्षांची पिशवी ठेवून घरी बसले, पण त्यांची लेक संघप्रिया मुरुमच्या पोस्टात लागली, त्याचा त्यांना फार अभिमान. मुक्ताबाई, त्यांच्या मंडळी, मागच्या वर्षी गेल्या. डबीचे नकाशे जुने झाले, तोवर सगळ्यांच्या फोनमध्येच रस्ते आले. घर साफ करताना सोनालीनं ती भंगारात दिली.

मालकांनी २०१९ पर्यंत गाडी चालवली, मग मोतीबिंदू झाला आणि त्यांनी आपणहून सोडली. २०२१च्या श्रावणात ते गेले. मी आता वर्षातून दोनदा जुन्या गावाला जाते. आबारावांचा मुलगा राजपाल मोटारसायकलवरून नेतो. गेल्या वर्षी तिथं कोणी तरी बाभळी काढून ज्वारी पेरली होती. कणसं चांगली भरली होती.