पहिल्या पानावरची चौथी चौकट

युद्ध सुरू झाल्यापासून गावातली दुकानं रिकामी होत गेली आणि त्यांच्यामागोमाग गावच्या साप्ताहिकाचं पहिलं पान. त्यावर चार दुकानांच्या जाहिरातींच्या चार चौकटी, वर्षानुवर्षं ठरलेल्या. चौघांचे पैसे आले तरच पुढचा कागद उचलता येई, आणि एक अंक चुकला की कागदाचा सरकारी कोटा बंद. साप्ताहिक काढणाऱ्या छापखानेवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"विकायला काही नाही, तर जाहिरात कशाची करू, ताई?" बूटवाला म्हणाला.

"नाही तेच छापू. लोकांचे हेलपाटे तरी वाचतील."

त्याला ते पटलं. 'नवे बूट नाहीत. जुने आणा, जगवून देतो.' सायकलवाल्याने दिलं, 'टायर नाहीत, पंक्चर काढू.' शिंपीण कशाला मागे राहते? 'कापड नाही. बाबांचा कोट मुलीला बसवून देऊ.'

उरले किराणावाले काका. "गावात किराण्याचं दुकान एकच. मला कोण विसरतंय?" त्यांनी हात झटकले.

अंक नेणारी टपालाची गाडी दुपारी निघायची. रिवाजाप्रमाणे छापखानेवालीने कच्चा छाप छापखान्याच्या दाराला लावला. चुका दिसल्या तर लोक सांगत. चौथी चौकट कोरीच होती.

लोकांनी चुका काढल्या नाहीत, अर्थ काढला. तिघं 'नाही' म्हणतात, काका म्हणत नाहीत. म्हणजे काकांकडे आहे! बघता बघता डबे, बाटल्या, पिशव्या घेऊन अख्खं गाव किराण्याच्या दुकानापुढे लोटलं. कुणी म्हणे साखर आलीय, कुणी म्हणे माळ्यावर तेलाचे डबे आहेत.

काका मागच्या दाराने निसटले आणि धापा टाकत छापखान्यात शिरले. मागोमाग रांगही आली.

"ताई, लिही. साखर नाही. तेल नाही. रॉकेल नाही."

ती भराभर अक्षरांचे खिळे जुळवू लागली. टपालाच्या गाडीचा भोंगा वाजला.

"आणि मीठ?" रांगेतून बूटवाल्याने विचारलं.

काकांनी कपाळ पुसलं. "मीठ आहे."

"किती?"

"आहे की दोन पोती."

"तेही छापू?" तिने विचारलं.

काकांनी रांगेकडे पाहिलं. रांग त्यांच्याकडे पाहत होती.

"छाप बाई. जरा मोठ्या अक्षरात."

चौकट भरली. सायकलवाल्याने यंत्राच्या चाकाला हात घातला, शिंपीण कागद सरकवू लागली, आणि बूटवाला गाडी थांबवायला रस्त्यावर धावला.