सुंदराने राखलेली अर्धी पुडी

मित्रांनो, मी एक जुना, वाळका जीवाणू आहे. नाक मुरडू नका. माणसांनी केलेली घाण मी खाल्ली आहे, तेव्हा माझं ऐकावंच लागेल.

माझा जन्म खोपोलीच्या अलीकडे, एका बंद कारखान्यामागच्या तेलकट चिखलात झाला. तिथे दुसरं खायला काही नव्हतं, म्हणून मी तेलच खायला शिकलो. तेजश्री नावाच्या संशोधक मुलीने मला तिथून उचललं, वाढवलं आणि गोठवून माझ्यातलं पाणी काढून घेतलं. मी मेलो नाही, निजलो. असंख्य भावंडांसोबत एका पुडीत बसलो. दिसायला थेट नाचणीचं पीठ!

नेरळजवळच्या पोशीर गावात भिवाजीच्या शेतात कुणा हरामखोराने टँकरमधलं काळं तेल सोडलं होतं. तेही नेमकं भाताचं रोप टाकायच्या जागेवर. त्या पावसाळ्यात तिथे एक काडी उगवली नाही. बंगलेवाल्यांसाठी जमिनी हुडकणारा गजा लगेच बांधावर हजर.

"इकून टाक रं भिवा. मेल्या जमिनीवर बंगला तरी उभा ऱ्हाईल."

भिवाजीची सून सुंदरा खवळली. "गजामामा, तुमी आमच्या मयताला आलाव का लग्नाला?"

भिवाजीचं मन मात्र विकण्याकडे झुकलं होतं.

तेलाची बातमी ऐकून थंडीत तेजश्रीने आमची पुडी आणून दिली. शेणखतात कालवून मातीत मिसळायची, ओल राखायची, माती खालीवर करत राहायची. सुंदराने अर्धीच कालवली. उरलेली डब्यात घट्ट झाकून फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवली. "सगळं इरजण एका येळी कोण घालतं?" म्हणाली. मी त्या अर्ध्या पुडीत होतो. म्हणून आज बोलतोय.

कारण उन्हाळ्याच्या तोंडावर सुंदरा नेरळच्या बाजाराला गेली आणि भिवाजीने राब भाजला. रोपाच्या जागेवर शेण, पाला, पेंढा पसरून आग लावायची, ही त्यांची बापजाद्यांची रीत. आगीने जमीन शुद्ध होते, तर तेलही जाईल, असं त्याला वाटलं. तेल खोलवर होतं तिथेच राहिलं. माझी भावंडं मात्र भाजून मेली.

सुंदरा परतली तर धूर! "मामंजी, काय केलंत ह्ये? जित्तं होतं त्यात!"

"पीठ होतं गं त्ये."

"इरजण तव्यावर घालतात का कुनी?"

भिवाजीची मान खाली गेली. "अजून एक साल देतो तुला. नाय उगवलं तर गजाला बोलावतो."

मग सुंदराने उरलेली अर्धी पुडी शेणखतात कालवून मातीत मिसळली आणि मला जागं केलं. काय सांगू, मित्रांनो, ती भूक! मी तेल खाल्लं, वाढलो, पुन्हा खाल्लं. ती कुदळीने हवा देई, शेणखत देई, पाणी शिंपडी. गजा हसायचा, "भिवाची सून मातीला दूध पाजती!" हसू दे. मी खात होतो.

पुन्हा राबाचे दिवस आले. भिवाजी खिशात आगपेटी घेऊन शेतावर आला. उकिडवा बसला, मूठभर माती नाकाशी नेली. तेलाचा वास नव्हता. मुठीतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं. त्याने आगपेटी सुनेच्या हातात ठेवली.

"चुलीला घे. पाला हितंच कुजू दे."

तेजश्रीने माती तपासली आणि नाचायचीच बाकी राहिली. त्या पावसाळ्यात रोप असं तरारलं की रस्त्यावरचे टेंपो थांबून बघायचे. गजा गिऱ्हाईक घेऊन आला, तर भिवाजी बांधावरच आडवा उभा.

"पायताण काढ रं आदी. खाली जित्तं हाय."

गजा आल्या पावली परत गेला!

मित्रांनो, माझी आरती ओवाळू नका. आणि 'जीवाणू आहेत ना, सोडा टँकर' असं तर मुळीच म्हणू नका. ओतायला एक दुपार पुरते, खाताना मला वर्ष लागलं. टँकर दिसला तर त्याच्या आडवे उभे राहा. मातीत पाऊल टाकाल तेव्हा भिवाजीचं ऐका. खाली आम्ही जिवंत आहोत.