पोटदुखीसाठी प्रार्थना

आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं रविवारी सकाळी, प्रार्थनेला निघायच्या वेळी. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर भरपेट न्याहारी झाली!" तर म्हणे, "म्हणूनच दुखतंय." आता मी काय कालची आहे? हे दुखणं कुठलं ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

झालं होतं असं. आमच्या प्रार्थनामंडळात पुढे उभं राहून प्रार्थना सांगायचं काम कितीतरी वर्षं ह्यांच्याकडे. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि खोटं कशाला बोलू, ऐटही भारी. मंडळाचं सगळं बघणारे मास्तर मागच्या रविवारी सहज म्हणाले, "आता काही दिवस धाकट्याला पुढे करू." धाकटा म्हणजे माझे दीर. हे सगळ्यांसमोर "छान, छान" म्हणाले, आणि घरी येऊन चप्पल अशी भिरकावली की एक पार कपाटाखाली गेली.

"त्याला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत! तो काय प्रार्थना सांगणार?"

"मग देव काय व्याकरण तपासायला बसलाय?" मी म्हटलं. झालं, मीही शत्रुपक्षात.

आमचं सुतारकामाचं दुकान आहे. दोघं भाऊ एकाच टेबलावर काम करतात आणि पॉलिशचं काम माझ्याकडे. तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. हात लांबवला तर भावाचा खांदा लागेल, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"त्याला सांग, पटाशी दे."

"भाऊजी, पटाशी द्या."

"वहिनी, दादाला सांगा, पटाशी त्याच्याच हातात आहे."

भाऊजी बिचारे भोळे. त्यांना वाटलं, दादाला कामाचा ताण आहे. मला मात्र रात्रंदिवस एकच घोर. हे असेच फुगून बसले तर मंडळ सुटेल, आणि मंडळ सुटलं की दुकानही फुटेल. आईवडील गेल्यावर ह्यांनीच त्या भावाला लहानाचं मोठं केलेलं.

तर रविवारी मी एकटीच गेले. भाऊजी पुढे उभे राहिले. दोनदा अडखळले, एकदा तर आधीचीच ओळ पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, "आज दादा आला नाही. त्याच्या पोटात दुखतंय. सगळ्यांनी त्याच्यासाठी मागा." अख्ख्या मंडळाने डोळे मिटले आणि माझ्या नवऱ्याच्या पोटदुखीसाठी मनापासून प्रार्थना केली! मला हसू आवरेना, आणि रडूही.

दुपारी मंडळातल्या नर्सबाई घरी हजर. बाई म्हणजे कडक काम. ह्यांना आडवं पाडलं आणि पोट दाबायला लागल्या.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो, जरा वर."

"वर? छातीत?" बाईंचा चेहराच बदलला. "हलू नका! ताबडतोब दवाखान्यात!" मी काही बोलायच्या आत त्यांनी भाऊजींना फोनही लावला.

भाऊजी अनवाणी धावत आले. शेजाऱ्याची गाडी दारात चालूच ठेवलेली, चेहरा पांढराफटक. "दादा, चल. मी आहे ना, काही होत नाही," असं म्हणत त्यांनी ह्यांना उचलायलाच घेतलं.

"अरे, सोड! मला काही झालेलं नाही!" हे ओरडले. "तू पुढे उभा राहिलास ना, म्हणून दुखत होतं!"

नर्सबाईंनी शांतपणे पिशवी उचलली. "याला आमच्याकडे इलाज नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

भाऊजी मटकन पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते हळूच म्हणाले, "मलाही दुखायचं."

"तुला? कशाने?"

"तुझ्यामुळे. तू पुढे उभा असायचास, आणि मी मागे बसून तू कधी चुकतोस याची वाट बघायचो. मग माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून रोज तुझ्यासाठी मागायला लागलो. देवा, दादाला चांगलं जमू दे. आधी दातओठ खाऊनच म्हणायचो. म्हणता म्हणता खरंच तसं वाटायला लागलं."

हे उठून बसले आणि भावाच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवा, ह्याला... ह्याला जमू दे."

"कितपत?" मी दारातून विचारलं. मला गप्प राहवतंय थोडंच!

माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "माझ्याइतकं."

मी काही जागची हलले नाही. भाऊजी डोळे मिटून, मान खाली घालून बसलेले.

"बरं, माझ्यापेक्षाही चांगलं," हे म्हणाले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज मध्येच फुटला. इतकी वर्षं मी त्यांना सगळ्यांपुढे प्रार्थना म्हणताना ऐकत आले. देवाकडे काही मागताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.