पाहुण्यासारखं बसा

"मावशी, पाय वर घेऊन आरामात बसा न," वीरेंद्र पुन्हा म्हणाला, तशी भागिरथा मावशी पलंगाच्या काठावर टेकली आणि टेकता टेकता चादरीची सुरकुती हातानं सरळ करून मोकळी झाली.

"सुरकुती राहू द्या," तो म्हणाला. "तीच पाहिजे मले."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "सपना, हा पोरगा बरा हाये न?"

मला हसू आवरेना. शेलूबाजारच्या हायवेवरच्या या हॉटेलात मी काउंटरवर बसते. मावशी खोल्या झाडते, पलंग लावते. तिचे यजमान इंद्रभान काका गेटवर वॉचमन आहेत. हॉटेलची जाहिरात करायची म्हणून आमच्या हेमसिंग शेठनी नागपूरहून फोटोग्राफर वीरेंद्रला बोलावलं होतं. आमचे जुने फोटो म्हणजे रिकामा पलंग, रिकामी खुर्ची आणि रिकामं बाथरूम. ते पाहून वीरेंद्र म्हणाला, "शेठ, सारे लोकं पळून गेल्यासारखं दिसून राह्यलं हे. खोली कायले दाखवता, खोलीतलं राहणं दाखवा. यालेच लाइफस्टाइल फोटो म्हणतात."

ते राहणं दाखवणारं जोडपं अकोल्याहून यायचं होतं. ऐनवेळी त्यांनी फोनवर नाही म्हटलं आणि शेठचं तोंड उतरलं. वीरेंद्र मात्र व्हरांड्याकडं बघत होता. मावशी बादली घेऊन उभी होती, काका काहीतरी सांगत होते आणि मावशी पदर तोंडाला लावून हसत होती.

"आपलं जोडपं तं इथंच हाये," वीरेंद्र म्हणाला.

ते ऐकलं आणि माझ्या अंगात वारंच भरलं. का, ते सांगते. या दोघांचा एकत्र फोटो नाही. लग्न रिठदला सामुदायिक मेळाव्यात झालं. त्या गर्दीच्या फोटोत काका ठसठशीत आले आणि मावशीच्या तोंडापुढं दुसऱ्याच नवरीचा हार आला. नंतर कुणीही मोबाईल उचलला की काका तोंड फिरवायचे. "मोबाईलातला फोटो खिशातच राह्यते. काढीन तं मोठ्या कॅमेऱ्यात, भितीवर टांगाले." मावशीच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक खिळा आहे. तो तिनं स्वतः ठोकला आणि तेव्हापासून तो रिकामाच आहे.

म्हणून काका सायकल हाणत घरी गेले आणि मावशीची चौदा एप्रिलची निळी साडी घेऊन आले. मी तिला पावडर लावली. "येईन न वं दोघायचा?" ती सारखी विचारत होती. "येईल," मी छातीठोकपणे सांगत होते.

पण काका कॅमेऱ्यापुढं आले की श्वास रोखायचे, मान ताठ करायचे आणि डोळे वटारायचे. वीरेंद्र म्हणायचा, इकडं पाहू नका. काका म्हणायचे, "न पाह्यता फोटो कसा येईन?" शेवटी तो कंटाळला. त्यानं मला चहाचा ट्रे आणायला लावलं आणि दोघांना सांगितलं, "समजा, तुमी पाहुणे. पाहुण्यासारखं बसा."

हे मावशीला बरोबर कळलं. तिनं पदर सावरला, मांडी घातली. मी कप पुढं केला.

"नाई, आत्ताच घेतला," मावशी म्हणाली.

वीरेंद्र कॅमेऱ्याआडून म्हणाला, "घ्या मावशी."

"नाई नाई, कायले तरास."

त्यानं कॅमेरा खाली केला. "अवो मावशी, चहा घ्या लागते फोटोत."

"तूच तं पाहुणी म्हणून राह्यला मले. पाहुणीनं एका बोलात कप उचलला तं लोकं काय म्हणतीन, घरी चहा नसते का इच्या?"

मग मीच यजमानीण झाले. "घ्या हो मावशी, तुम्हाला माझी शपथ." तेव्हा कुठं तिनं कप घेतला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी काकांपुढं धरली. "तुमी घ्या पयले." रोज गेटवर हेच चालतं त्यांचं. काका कॅमेरा विसरले आणि त्यांनी हात पुढं केला. कॅमेरा वाजला. वीरेंद्रनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि "कडक आला" म्हणत जागच्या जागी उडीच मारली. पण ऊन चाललं होतं, म्हणून आम्हाला न दाखवताच तो बागेकडं पळाला.

पुढचे दिवस काय वर्णावे. मावशीनं बाजारात भाजीवालीपासून जीपवाल्यांपर्यंत सगळ्यांना बातमी दिली. फोटो काढून झाल्यावर काकांनी केसांची कटिंग केली. आम्ही त्यांना त्यावरून चिडवून चिडवून बेजार केलं.

फ्लेक्स आला, तेव्हा शेठनी तो गेटशेजारच्या भिंतीवर ताणायला घेतला. सगळे जमले होते. दोरी स्वतः काकांनी धरली होती. गुंडाळी उलगडत गेली. हॉटेलचं नाव, फोन नंबर, मग मावशी. काय देखणी दिसत होती. निळी साडी, हसरे डोळे, पुढं केलेली बशी. बशीखाली काकांचा हात. आणि तिथं फ्लेक्स संपला.

मी जागीच वीरेंद्रला फोन लावला. "ताई, काकांचे सारे फोटो डोळे वटारलेले होते, मी डिलीट केले," तो म्हणाला. "चहाच्या टायमाले माझा कॅमेरा मावशीवरच होता. हात आला तेवढाच." मला त्याचा राग आला आणि छातीठोकपणे 'येईल' म्हणणाऱ्या माझा त्याहून जास्त.

मावशी भिंतीजवळ गेली. मळणीयंत्रात चेचलेलं काकांच्या अंगठ्याचं काळं नख फ्लेक्सवर बशीएवढं मोठं झालं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"हे तुमीच," ती काकांना म्हणाली. आणि मग माझं तोंड पाहून, "जाऊ दे सपना. एवढाला फोटो त्या खिळ्याले झेपला असता का?"

काका दोरी बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर काकांची खुर्ची गेटच्या निंबाखाली नव्हती. भिंतीशी होती, बरोबर जिथं फ्लेक्स संपतो तिथं. समोरून पाहिलं की मावशी बशी पुढं करते आणि तिच्या शेजारी काका बसलेले.

"इथं काहून बसले काका?" मी विचारलं.

"सावली हाये इथं," काका म्हणाले. ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. तिनं खुर्चीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि बशी पुढं केली.

"नाई," काका म्हणाले, "आत्ताच घेतला."