दाबलेलं बटण

२००६ साली चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका रबर कारखान्यात गिऱ्हाईक कंपनीची तपासणी ठरली आणि व्यासराज मॅनेजरांनी फर्मान काढलं, रबर लाटायच्या मिलला आणीबाणीचं लाल बटण हवं, परवापर्यंत! सांगलीहून आलेला इलेक्ट्रिशियन शार्दूल स्टोअरमध्ये गेला, तर बटणामागे बसतो तो हवा तसला कॉन्टॅक्टच शिल्लक नाही. वायर तुटली तर मशीन आपोआप थांबावं, असा हवा होता. मिळाला तो उलटा. वायर धड असली तरच बटण चालणार. ‘नवा आला की बदलू,’ म्हणून त्याने तोच बसवला. बटण दाबलं, मिल थांबली, साहेब खूश. नवा कॉन्टॅक्ट आठवड्यात आला आणि चार महिने ड्रॉवरात पडून राहिला. आता बोला!

मिलवर मुरली होता, वीस वर्षं. तंजावरच्या मराठी घरातला. अख्ख्या शेडमध्ये शार्दूलशी मराठी बोलणारा एकटाच; त्याला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा. त्याच्या घरी जेवून शार्दूलने चेन्नईतलं पहिलं वर्ष काढलं होतं.

मंगळवारी सकाळी रबराच्या शीटबरोबर मुरलीचा उजवा हात रोलरांत ओढला गेला. डाव्या हाताने त्याने बटणावर थाडकन मारलं. मिल चालूच. हादऱ्यांनी वायर कधीच तुटली होती, कुणाला पत्ता नाही. किंकाळी ऐकून शार्दूल धावला, त्याने मेन स्विच पाडला. हात सोडवायला रोलर उलटे फिरवायचे होते, आणि मिल पुन्हा चालू करायची तर आत बसलेलं बटण आधी पिळून वर काढायचं, ही रोजची सवय. त्याने ते पिळलं. मुरलीने बटण दाबलं होतं याचा एकुलता एक पुरावा असा त्याच्याच हाताने गेला.

हे त्याला संध्याकाळी उमगलं, व्यासराजांनी विचारल्यावर.

“बटण वरच होतं ना रे?”

शार्दूलचं तोंड बघूनच साहेबांनी काय ते ओळखलं. “उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय,” ते म्हणाले, “वायरिंग आजच नीट करून टाक.”

केलं. तुटकी वायर जोडून ड्रॉवरातला नवा कॉन्टॅक्ट बसवला मेल्याने! इन्स्पेक्टरने बटण दाबताच मिल गप्पकन थांबली. अहवालात आलं, ऑपरेटरने बटण दाबलं नाही.

तो कागद मुरलीला वाचून दाखवून त्यावर सही आणायचं काम शार्दूलच्याच गळ्यात पडलं.

अण्णा नगरच्या इस्पितळात मुरली पडून होता. उजवा हात मनगटाशी संपला होता. सगळं ऐकून त्याने शार्दूलकडे मान वळवली.

“तंबी, मी दाबलों असंच मला वाटतं,” तो म्हणाला. “पण तू केलेलं वायरिंग चुकायचं नाही. खरं सांग, माझा हात पोचला नाही का?”

सांगून टाक, नोकरी गेली तर गेली, तुरुंग तर तुरुंग! शार्दूलचा जीव आतून ओरडत होता. त्याने तोंड उघडलं.

“नाही पोचला, अण्णा.”

“अय्यो,” मुरली हळूच म्हणाला, “माझीच चूक की मग. तू का रडतोस?”

आणि त्याने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. शार्दूलने त्याला शाई लावली.